वाचकांचे प्रश्न : चालायला लागल्यापासून नडगी दुखते

प्रश्न : वय 48. वजन कमी करण्यासाठी तीन आठवड्यांपासून रोज पहाटे 5 किलोमीटर भराभर चालते. त्याआधी व्यायाम नव्हता. आता दोन्ही नडग्या आतल्या बाजूने ठणकतात, घोट्याच्या पुढेही दुखतं. चालणं बंद करू का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : आधी दुखणं नेमकं कुठे आहे ते पाहा. नडगीच्या हाडाच्या आतल्या कडेने घोट्यापर्यंत अंगठा दाबत जा. 5 सेंटिमीटर किंवा त्याहून लांब पट्टा दुखत असेल, तर बहुधा हे शिन स्प्लिंट आहे. रोजच्या ताणाने हाडाची जितकी झीज होते, तितकी भरून यायला त्याला वेळच मिळालेला नाही. अशा वेळी चालणं कमी करा, बंद नको. पण रुपयाच्या नाण्याएवढ्या एकाच जागी कळ येत असेल किंवा रात्री पडल्यावरही ठणकत असेल, तर हाडाला बारीक चीर असू शकते. मग चालणं थांबवून अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. सुरुवातीचे दोन-तीन आठवडे ही चीर एक्स-रेमध्ये दिसेलच असं नाही, तेव्हा ‘एक्स-रे नॉर्मल आहे’ एवढ्यावर निर्धास्त राहू नका.

घोट्याच्या पुढचं दुखणं बहुतेक लांब ढांगांमुळे आहे. टाच शरीराच्या फार पुढे टेकली की चवडा आपटू नये म्हणून नडगीपुढच्या स्नायूला दर पावलाला जोर लावावा लागतो. ढांग आखूड करा. वेग हवा असेल तर पावलं भरभर टाका. बुटाची लेस वरच्या भोकांत फार आवळत नाही ना, तेही बघा.

दोन आठवडे एक दिवसाआड अडीच किलोमीटर, सपाट रस्त्यावर चाला. दुखण्याला शून्य (अजिबात नाही) ते दहा (असह्य) असे गुण द्या; ते तीनच्या आत राहिलं आणि दुसऱ्या सकाळी उरलं नाही, तरच दर आठवड्याला पाव-अर्धा किलोमीटर वाढवा. लोक बुटांना आणि पेव्हर ब्लॉकला दोष देतात. खरं कारण बहुतेक वेळा एकदम वाढवलेलं अंतरच असतं. तळ झिजलेले बूट मात्र बदला. रस्त्याच्या कडेला उतार असतो, तिथून रोज एकाच बाजूने चालू नका.

चालायचं नसेल त्या दिवशी भिंतीला हात टेकून टाचा उचला : दोन आकड्यांत वर, तीन आकड्यांत खाली, असं 12 ते 15 वेळा. याचे तीन फेरे करा, त्यातला एक गुडघे किंचित वाकवून, म्हणजे पोटरीच्या आतल्या स्नायूवर जास्त भार येतो. मग भिंतीला पाठ टेकून, टाचा वीतभर पुढे ठेवून चवडे 15 वेळा उचला. ठणका असेल तर कापडात गुंडाळलेला बर्फ 10 मिनिटं लावा. मधुमेहाने पाय बधिर असतील तर नको. पोटरीला तेल हलक्या हाताने चोळा, पण हाड रगडू नका.

प्रश्न : वय 63, मधुमेह आहे. थोडं चाललं की पोटरीत गोळा येतो, उभं राहिलं की दोन-तीन मिनिटांत जातो. कोणता व्यायाम करू?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : व्यायामाआधी तपासणी. ठरावीक अंतरावर दुखून थांबताच बरं वाटणं, हे पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्याचं लक्षण असू शकतं. घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब ताडून पाहतात, गरज पडल्यास डॉपलर (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) करतात. तंबाखू, विडी असेल तर आजपासून बंद. आणि एकच पोटरी अचानक सुजली, गरम झाली, तर ती मुळीच न चोळता त्याच दिवशी दवाखाना गाठा.