जामीनदाराच्या बाजूने उभा राहताना

पहिलंच प्रकरण जामीनदाराचं आलंय ना, मग समन्स मिळाल्याची तारीख फाइलवर मोठ्या अक्षरात लिही. कर्जवसुली न्यायाधिकरणात लेखी कैफियतीला, म्हणजे बँकेच्या दाव्यावरच्या लेखी उत्तराला, 30 दिवस मिळतात; सबळ कारण दाखवलं तरच आणखी 15. तडजोडीची बोलणी चालू असली तरी ही मुदत थांबत नाही.

अशील हमखास म्हणेल, ‘मी नुसती सही केली, बँकेनं आधी कर्जदाराचं घर विकावं.’ हा बचाव टिकत नाही, हे पहिल्याच भेटीत सांग. 1872 च्या करार कायद्याचं कलम 128 स्पष्ट आहे: करारात वेगळं ठरलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच.

खरं काम हमीपत्रात आहे. पान न् पान वाच. हमी किती रकमेपुरती? पुढे कर्जाच्या अटी बदलल्या तेव्हा जामीनदाराची संमती घेतली होती का? नसेल तर त्यानंतरच्या व्यवहारांतून त्याला मोकळं करणारं कलम 133 कामी येतं. बँकेनं तारण हातचं घालवलं असेल तर त्या तारणाच्या किमतीइतकी त्याची जबाबदारी कमी करणारं 141. पण छापील हमीपत्रात हे हक्क सोडून दिल्याचा मजकूर बहुधा असतोच. तो तपासल्याशिवाय त्या माणसाला आशा दाखवू नकोस. घरदार टांगणीला लागलेलं असतं रे.

सरफेसीची, म्हणजे बँकेला कोर्टात न जाता तारण ताब्यात घेऊ देणाऱ्या कायद्याची, 60 दिवसांत पैसे भरा अशी नोटीसही आली असेल तर लेखी हरकत घे, बँकेला 15 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. गहाण शेतजमीन असेल तर तो कायदा लागत नाही, म्हणून सातबारा लगेच मागव.

पैसे भरायचीच वेळ आली तर पावती जामीनदाराच्या नावानं घे. कलम 140 खाली कर्जदाराकडून वसुली करताना तीच लागते.