मेंढपाळ, मोलकरी आणि मेंढरे

प्रश्न : ख्रिस्ती बांधव येशूला ‘उत्तम मेंढपाळ’ म्हणतात. मग भाविक मेंढरे ठरत नाहीत का? आपल्याकडे तर एखाद्याला ‘मेंढरू’ म्हणणे ही नालस्ती समजली जाते.

उत्तर : मेंढरू म्हणजे अविचारी अनुयायी, हा अर्थ मनात धरून बायबलमधील योहानाच्या शुभवर्तमानाचा (येशूच्या चरित्राचा) दहावा अध्याय वाचला, तर तो खटकणारच. पण तेथे कसोटी लागली आहे ती मेंढरांची नव्हे, राखणाऱ्याची. लांडगा येताना दिसताच मोलकरी कळप टाकून पळतो, कारण मेंढरे त्याची स्वतःची नसतात. उत्तम मेंढपाळ मात्र मेंढरांसाठी आपला प्राण देतो, असे येशू म्हणतो. या बोलण्याला जुन्या करारातील, म्हणजे बायबलच्या येशूपूर्व भागातील, यहेज्केल संदेष्ट्याच्या चौतिसाव्या अध्यायाची पार्श्वभूमी आहे. इस्राएलाच्या पुढाऱ्यांना मेंढपाळ असे संबोधून तो त्यांची खरडपट्टी काढतो : तुम्ही लोकर पांघरता, पुष्ट मेंढरे कापून खाता, पण दुबळ्यांना बळ देत नाही, जखमींना पट्टी बांधत नाही आणि हरवलेल्यांचा शोधही घेत नाही.

मागे जाण्याचे म्हणाल, तर योहानाच्या त्याच अध्यायात मेंढपाळ आपल्या मेंढरांना नावानिशी हाक मारतो, त्यांच्यापुढे चालतो, आणि ती त्याचा आवाज ओळखतात म्हणूनच त्याच्यामागे जातात. परक्याच्या मागे ती जात नाहीत, उलट त्याच्यापासून पळतात. म्हणजे आपण ज्याला मेंढरूपणा म्हणतो, त्याच्या हे नेमके उलट आहे. (मेंढरे हाक ओळखतात, हे आपल्या धनगरांना सांगण्याची गरज नाही.)

ही प्रतिमा चित्रांत आणि शिल्पांतही फार जुनी आहे. रोमच्या भुयारी दफनस्थळांत, इसवी सनाच्या तिसऱ्या शतकापासून, खांद्यावर मेंढरू घेतलेला बिनदाढीचा तरुण मेंढपाळ रंगवलेला आढळतो. ती ठेवण ग्रीक-रोमन कलेत आधीपासून रुळलेली होती. सतराव्या शतकात गोव्यातील कारागिरांनी हस्तिदंतात तिला वेगळेच रूप दिले. डोंगराच्या माथ्यावर बाळ येशू डोळे मिटून बसला आहे, एक कोकरू खांद्यावर, एक मांडीवर, आणि खाली झऱ्याजवळ मेंढरे. ते ध्यानस्थ रूप पाहून अनेक अभ्यासकांना बुद्धमूर्तीची आठवण झाली आहे.

या प्रतिमेचा आधार घेऊन ‘मेंढरांनी प्रश्न विचारू नयेत’ असे सोयीस्करपणे सांगणारे धर्माधिकारीही झाले, हे मान्य केले पाहिजे. मात्र मराठी प्रोटेस्टंट मंडळ्यांत धर्मगुरूला ‘पाळक’ म्हणतात, आणि ज्याने ते नाव घेतले त्याला यहेज्केलाचा तो अध्याय स्वतःलाही लावून घ्यावा लागतो.