ख्रिश्चन रोमँटिक सस्पेन्स कादंबऱ्या वाचण्यासारख्या असतात का?

हो, वाचा की! खून, पाठलाग, एफबीआय सगळं असतं पण शिव्या नाहीत, बेडरूम सीन नाहीत, त्यामुळं कोल्हापुरात आमच्या घरी आई, मी आणि भाची तिघी एकच पुस्तक फिरवतो. जीव धोक्यात असताना देवावर भरवसा कसा ठेवायचा हा प्रश्न साध्या थ्रिलरमध्ये सहसा कुणी विचारत नाही, मला तर तेच सगळ्यात भिडतं. सुरुवात करायची तर हार्लेक्विन या प्रकाशनाची लव्ह इन्स्पायर्ड सस्पेन्स मालिका बघा, २००५ पासून चालू आहे. फक्त ही पुस्तकं छोटी, त्यामुळं प्रेम लई घाईत जमतं, व्हिलन कच्चा राहतो, आणि श्रद्धा हरवलेला हिरो शेवटी देवाकडं वळणार हे बहुतेक वेळा आधीच कळतं, त्याच्या शंकेला जरा तरी वेळ द्यायला हवा होता असं सारखं वाटतं.