लोकल चॅनेल नव्या इमारतीत नेताना: आधी सिग्नल, मग माणसं, सामान सगळ्यात शेवटी

बाकीच्यांना संदर्भ लागावा म्हणून तुमचा प्रश्न थोडक्यात मांडतो. इंदुरात जेल रोडवरच्या जुन्या इमारतीत दोन मजल्यांवर चालणारं तुमचं केबल चॅनेल देवास नाक्याच्या बाजूला स्वतःच्या जागेत जातंय. मालकांना गुढीपाडव्याच्या मुहूर्तावर नव्या जागेतून प्रसारण हवंय. ठेकेदार म्हणतो, एका रात्रीत सगळं हलवू आणि सकाळच्या बातम्या तिकडून देऊ. तुम्ही विचारलंत की हे जमेल का, पैसा कुठे घालावा आणि कपाटभर जुन्या टेपांचं काय करावं.

एका रात्रीत जमणार नाही. तसा प्रयत्नही होऊ देऊ नका. इंदूरच्या लोकल चॅनेलांच्या इंजिनिअरिंगमध्ये माझी सगळी नोकरी झाली आणि शिफ्टिंग बिघडलं तिथे बहुतेक वेळा कारण एकच होतं: लोकांनी ते घर बदलण्यासारखं घेतलं. ट्रक आला, रॅक उचलले, तिकडे नेऊन उभे केले. पण ज्या यंत्रावर आज प्रसारण चालू आहे तेच यंत्र उचललं, तर ते नव्या जागी चालू होईपर्यंत तुमच्याकडे दुसरं काहीच उरत नाही. रात्री दोन वाजता एक कनेक्टर तुटला की सकाळी सहाला पडदा काळा.

म्हणून नव्या जागी आधी प्रसारणाची स्वतंत्र साखळी उभी करा: प्लेआऊट सर्व्हर (ज्यावरून कार्यक्रम आणि जाहिराती क्रमाने सुटतात), स्विचर (कॅमेरे आणि इतर सिग्नलांतून हवा तो निवडणारं यंत्र), टिकर (पडद्याखालची धावती पट्टी) आणि लोगोचं मशीन, एन्कोडर (सिग्नल पाठवण्याजोगा लहान करणारं यंत्र) आणि हेडएंडपर्यंतची (केबलचं केंद्र, जिथून चॅनेल घरोघर जातं) फायबर. सर्व्हर नवा घ्यायचाच असेल तर तो आत्ताच घ्या, तुमच्याकडचा जुना नंतर बॅकअपला येईल. जेल रोडवर जी लॉगशीट (कार्यक्रम आणि जाहिरातींची वेळेनुसार यादी) चालते तीच नव्या एमसीआरमध्येही (मास्टर कंट्रोल रूम, जिथून प्रसारण बाहेर पडतं) चालवा, त्याच वेळा, त्याच जाहिराती. निदान दोन आठवडे दोन्हीकडून सिग्नल हेडएंडला पोचू द्या. प्रेक्षकाला दिसेल जुना, तुम्ही पाहाल नवा. जाहिरात अर्धवट कापली जाणं, टिकर अडकणं, रात्री बारानंतर तारीख बदलताना यादी गोंधळणं, हे सगळं याच काळात वर येतं. मग एखाद्या साध्या मंगळवारी दुपारी, रेकॉर्ड केलेला कार्यक्रम चालू असताना, हेडएंडवर इनपुट बदला. बिघडलं तर तेच बटण उलटं दाबायचं. त्यानंतरही महिनाभर जेल रोडची साखळी जिवंत ठेवा.

मालक म्हणतील, दोन-दोन भाडी कशाला. त्यांना एक संध्याकाळ चॅनेल बंद राहिलं तर बुडणाऱ्या जाहिरातींचा हिशेब काढून दाखवा. मोठ्या संस्थाही हेच करतात. बीबीसीचं लंडनमधलं टेलिव्हिजन सेंटर १९६० साली सुरू झालेलं. तिथले विभाग २०११ पासून सॅल्फर्डला टप्प्याटप्प्याने गेले, सकाळचा बातम्यांचा कार्यक्रम एप्रिल २०१२ मध्ये गेला, लंडनचा बातम्यांचा विभाग मार्च २०१३ मध्ये न्यू ब्रॉडकास्टिंग हाऊसमध्ये गेला आणि त्यानंतरच त्या महिन्याच्या अखेरीस जुनी वास्तू बंद झाली. आपला पसारा लहान आहे, पण क्रम तोच.

आता मुहूर्ताबद्दल. पाडव्याच्या दहा-अकरा दिवस आधी रंगपंचमी येते, म्हणजे गेर, इंदूरची रंगांची मिरवणूक. टोरी कॉर्नरपासून राजवाड्यापर्यंतची गर्दी लाइव्ह दाखवणं हा लोकल चॅनेलचा वर्षातला सगळ्यात मोठा दिवस. नेमक्या त्याच आठवड्यात तुमचे केबलिंगवाले आणि पॅनेलवाले (स्विचर चालवणारे) दोन जागांत वाटलेले असतील. पाडव्याला नव्या स्टुडिओत गुढी उभारा, पूजा करा, तिथून एक विशेष कार्यक्रम रेकॉर्ड करून दाखवा. मालकांचा मान राहील. मुख्य प्रसारण मात्र चैत्रात पुढे, सावकाश बदला. आणि अनंत चतुर्दशीच्या झांक्यांच्या (सजवलेल्या चित्ररथांच्या मिरवणुकीच्या) आसपास तर हात लावूच नका.

पैसा कुठे घालावा? मालकांचा ओढा काचेच्या दर्शनी भिंतीकडे आणि मोठ्या व्हिडिओ वॉलकडे असणार. ते नंतरही करता येतं. फरशी घातल्यावर जे पुन्हा उकरता येत नाही, त्याला पहिला पैसा द्या: अर्थिंग, वीज, एसी, केबलचे मार्ग.

अर्थिंगवर थोडं जास्त लिहितो, कारण माळव्यात ते हमखास दुर्लक्षित राहतं. आपली काळी माती ओली असताना वीज छान वाहून नेते. पण मार्च-एप्रिलपासून ती सुकते, भेगाळते आणि जमिनीत पुरलेल्या इलेक्ट्रोडपासून सुटते. पावसाळ्यात मोजून 'उत्तम' म्हणून सही केलेलं अर्थिंग मे महिन्यात कामाचं राहत नाही. मोजणी उन्हाळ्यात करून घ्या, पिटमध्ये (अर्थिंगच्या खड्ड्यात) पाणी घालायची सोय ठेवा आणि ती जबाबदारी कुणाच्या तरी नावावर लिहा. दुसरं म्हणजे, इलेक्ट्रिशियन स्टुडिओसाठी वेगळं 'स्वच्छ' अर्थिंग करून देतो आणि ते इमारतीच्या अर्थिंगपासून तोडून ठेवतो. हे धोक्याचं आहे. पिट वेगळे असू देत, पण सगळे एकमेकांना जाड पट्टीने जोडलेले हवेत. नाहीतर जूनच्या पहिल्या वादळात वीज जवळ पडली की दोन्ही अर्थिंगांमधल्या विजेच्या दाबाचा फरक तुमच्या यंत्रांतून वाट काढतो. आवाजातली ५० हर्ट्झची गुणगुण घालवायला अर्थ तोडायचा नसतो. दोन खोल्यांमधल्या ऑडिओ लाइनवर आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लावायचा किंवा ती लाइन फायबरवर न्यायची.

विजेचं सोपं आहे. एमसीआर ऑनलाइन यूपीएसवर, तोही एकट्यावर नको. प्रत्येक महत्त्वाच्या यंत्राला दोन पॉवर सप्लाय असतील तर एक एका यूपीएसवर, दुसरा दुसऱ्यावर. लाइट गेल्यावर जनरेटर भार उचलेपर्यंतचा वेळ तर काढायचाच, शिवाय जनरेटर सुरूच झाला नाही तर कुणी खाली जाऊन बघेपर्यंतचाही काढता आला पाहिजे.

एसीचा हिशेब ठेकेदारावर सोडू नका. जुन्या सेटवर एक-एक किलोवॉटचे दहा टंगस्टन दिवे असतील तर ती दहा किलोवॉट उष्णता झाली, आणि एक टन एसी साधारण साडेतीन किलोवॉट उष्णता ओढतो. म्हणजे नुसत्या दिव्यांसाठी जवळजवळ तीन टन, माणसं आणि इंदूरचा मे वेगळा. एलईडी दिवे घेतलेत तर हा भार इतका खाली येतो की दिव्यांवरचा जास्तीचा खर्च एसीत भरून निघतो. स्टुडिओत भिंतीवरचे स्प्लिट एसी नकोत, त्यांचा आवाज माइकमध्ये येतो. डक्ट मोठा आणि हवा संथ, असं ठेवा. एमसीआरमध्ये मात्र दोन एसी आलटून-पालटून चालवा, एक बंद पडला तरी दुसऱ्यावर रात्र निघाली पाहिजे. आणि एसीच्या पाण्याचा पाइप रॅकवरून कधीही नेऊ देऊ नका. एका ठिकाणी पहिल्याच पावसाळ्यात त्या पाइपाचा जोड गळून सर्व्हरवर पाणी पडलेलं मी पाहिलंय.

देवास नाका म्हणजे ट्रक, आणि त्यांचा आवाज खालच्या पट्टीतला, जमिनीतून येणारा. भिंतीवर फोम चिकटवून तो थांबत नाही. फोम खोलीतला खणखणाट कमी करतो, बाहेरचा गडगडाट अडवायला वजनदार भिंत, मधे पोकळी आणि पुन्हा भिंत लागते. स्टुडिओ रस्त्याकडच्या बाजूला ठेवला असेल तर नकाशा आजच बदला. मागच्या बाजूला, आतल्या खोलीत न्या, दोन दरवाजे आणि मधे छोटी मोकळी जागा ठेवा. प्लास्टर होण्याआधी एकदा रात्री तिथे माइक लावून तासभर रेकॉर्डिंग करा, मग मालकांना हेडफोनवर ऐकवा. तुम्हाला वेगळं काही समजवावं लागणार नाही.

केबलच्या बाबतीत नव्या इमारतीत एक गोष्ट हमखास चकवते. जुन्या जागेत एसडी (एचडीच्या आधीचा, कमी स्पष्ट चित्राचा) सिग्नल सेकंदाला २७० मेगाबिटचा होता, चांगल्या कोअ‍ॅक्स केबलवर तो तीनशेक मीटर जातो. एचडी झालात की तोच सिग्नल १.४८५ गिगाबिटचा, आणि त्याच केबलवर शंभरेक मीटरनंतर भरवसा नाही. त्यात नवी इमारत मोठी, म्हणजे अंतरंही वाढलेली. म्हणून जुनी केबल उपटून तिकडे वापरायचा मोह टाळा. लांबच्या धावांना सिंगल मोड फायबर टाका आणि प्रत्येक मार्गात एक-दोन रिकामे पाइप सोडा. सगळं आयपीवर (संगणकाच्या नेटवर्कवर) न्या, असं विकणारे सांगतील. तुमच्या आकाराच्या चॅनेलला माझ्या मते आज एसडीआयच (प्रत्येक सिग्नलला स्वतःची तार, ही पद्धत) बरं, कारण रात्रपाळीचा मुलगा एसडीआयची तार हातात धरून दोष शोधू शकतो. प्रत्येक केबलला दोन्ही टोकांना क्रमांक, आणि त्याची यादी कागदावरसुद्धा.

दोन्हीकडून सिग्नल चालू असतानाच्या त्या दोन आठवड्यांत ओठ आणि आवाज जुळतात का ते रोज तपासा. नवे फ्रेम सिंक्रोनायझर (वेगवेगळे सिग्नल एका तालात आणणारे) आणि मल्टिव्ह्यूअर (एकाच पडद्यावर अनेक चित्रं दाखवणारे) चित्र मागे ठेवतात. एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची. आवाज चित्राच्या ४५ मिलिसेकंद पुढे गेला की माणसाला जाणवू लागतं, मागे पडला तर साधारण १२५ पर्यंत कळत नाही. म्हणजे आवाज पुढे पळण्याच्या बाजूला तुमच्याकडे जेमतेम एका फ्रेमची मोकळीक आहे.

माणसांचं यंत्रांइतकंच महत्त्वाचं. अँकर, पॅनेलवर बसणारे, टिकर टाइप करणारी मुलगी, सगळ्यांनी नव्या जागेत खोटी बुलेटिन काढायला हवीत, टॉकबॅकसकट (कंट्रोल रूममधून कानात येणाऱ्या सूचनांसकट), रोज, कंटाळा येईपर्यंत. आणि रात्रीचं शेवटचं बुलेटिन संपल्यावर देवास नाक्यावरून सुदामानगर, अन्नपूर्णा किंवा रामबागेकडे मुलींनी घरी कसं जायचं? जेल रोडवर हा प्रश्न नव्हता. गाडीची सोय बजेटात पहिल्या दिवसापासून लिहा. ही सोय नसेल तर तुमची चांगली माणसं सहा महिन्यांत सोडून जातील.

कागदपत्रांचं थोडक्यात. ३० नोव्हेंबर २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे एमएसओच्या (केबल सेवा पुरवणाऱ्या मोठ्या कंपन्यांच्या) अशा स्थानिक चॅनेलांचं रेकॉर्डिंग ९० दिवस जपावं लागतं, आणि स्थानिक बातम्या दाखवणारी संस्था कंपनी म्हणून नोंदलेली असावी लागते. त्यामुळे शिफ्टिंगच्या काळात लॉगिंगच्या रेकॉर्डरला खंड पडू देऊ नका. दोन्ही जागी एक-एक चालू ठेवा.

टेपा फेकू नका, ही माझी हात जोडून विनंती आहे. तुम्ही लिहिलंय की बहुतेक मिनी डीव्ही आणि डीव्हीकॅम आहेत, थोड्या व्हीएचएस. त्यांत इथल्या मराठी मंडळांचे गणेशोत्सव असतील, व्याख्यानं, नाटकांच्या वेळच्या मुलाखती, गिरण्यांच्या झांक्या, आज हयात नसलेले कलावंत. इंदूरच्या मराठी माणसाचं हलतं चित्र यापलीकडे फारसं कुठे जपलेलं नाही. डीव्हीचा एक तास साधारण १३ जीबी होतो, म्हणजे हजार तास १३ टीबीत मावतात. आजच्या दोन मोठ्या हार्ड डिस्क आणि त्यांची दुसऱ्या जागी ठेवलेली एक प्रत, एवढंच. खरी अडचण टेप वाचणाऱ्या मशीनची आहे. चालू डेक आता दुर्मीळ, म्हणून शिफ्टिंगमध्ये तो ट्रकमध्ये न टाकता माणसाच्या मांडीवरून न्या. बुरशी आलेल्या टेपा आधी बाजूला काढा, नाहीतर एक टेप डेकचं हेड घाण करते आणि पुढच्या दहा खराब होतात. शिक्के, तारखा, कागदी चिठ्ठ्या यांचे फोटो टेपेबरोबरच जपा.

शेवटचा मुद्दा तुम्ही विचारलेला नाही, पण मला तो सगळ्यात मोठा वाटतो. जेल रोडची जागा पूर्ण सोडू नका. झांक्या तुमच्या बाल्कनीखालून जातात. राजवाडा, कृष्णपुरा, नंदलालपुरा पायी अंतरावर आहेत. तिथे आज कॅमेऱ्याची तार थेट पॅनेलला लागते. देवास नाक्याला गेल्यावर सगळं मोबाइल नेटवर्कच्या बॅकपॅकवर (पाठीवर घेऊन लाइव्ह चित्र पाठवायच्या यंत्रावर) येईल, आणि गेरच्या दिवशी लाखो लोक एकाच टॉवरवर असताना बॅकपॅक नेमका दगा देतो. एक खोली, एक छोटा स्विचर, दोन कॅमेऱ्यांची जागा आणि नव्या इमारतीपर्यंत स्वतःची फायबर एवढं ठेवा. ही फायबर आणि हेडएंडची फायबर वेगवेगळ्या रस्त्यांनी न्या. इंदुरात कुठे ना कुठे खोदकाम चालूच असतं आणि एकाच चरातून गेलेल्या दोन तारा एकदमच तुटतात. जागामालक खोली द्यायला तयार नसेल तर निदान गच्चीवर कॅमेरा लावायची आणि जिन्यातून फायबर ठेवायची परवानगी जुना करार संपण्याआधी लेखी घ्या.

नव्या इमारतीचा नकाशा इथे टाकलात तर एमसीआर आणि बॅटरीची खोली कुठे असावी ते पाहून सांगेन. बॅटऱ्यांचं वजन स्लॅबला झेपेल का, हे मात्र त्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारून ठेवा.