नाव दिलं म्हणजे परवानगी मिळाली का?

प्रश्न : मॅडम, मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आम्ही मित्र युरो ट्रक सिम्युलेटर २ या ट्रक चालवायच्या संगणकी गेममध्ये लाल एसटी, आपल्याकडचे घाटरस्ते, हॉर्नचे आवाज असे मॉड, म्हणजे खेळाडूंनी केलेल्या जोडफाईली, टाकून खेळतो. ते वेगवेगळ्या लोकांनी केलेत, काहींच्या लिंक बंद पडल्यात. मी सगळे एका झिप फाईलमध्ये गोळा करून टेलिग्रामवर टाकणार आहे. पैसे घेणार नाही, प्रत्येकाचं नाव देईन. एकाला मेसेज केला, उत्तर नाही. मित्र म्हणतो, गेमच त्यांची नाही तर मॉडवर कॉपीराइट कसला? खरं काय?
– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : ती झिप टाकू नका. तुमचा हेतू चांगला आहे हे पत्रातूनच कळतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी मित्राचा मुद्दा. गेम कंपनीची असली, तरी मॉडरनं, म्हणजे मॉड करणाऱ्यानं, रात्री जागून रंगवलेली एसटी त्याचीच. १९५७ च्या आपल्या कॉपीराइट कायद्यात संगणकाचा प्रोग्रॅम साहित्यकृतीत मोडतो, चित्र कलाकृतीत, आणि हॉर्नचं रेकॉर्डिंग ध्वनिमुद्रणात. काम स्वतःचं असलं की हक्क आपोआप येतो, नोंदणीची सक्ती नाही. मॉडर परदेशी असला तरी बर्न या आंतरराष्ट्रीय करारामुळे त्याचं काम इथेही सुरक्षित. कंपनीच्या अटी मॉडरवर असतात, तशा तुमच्यावरही. पण त्यानं मॉडरचा हक्क तुमच्याकडे येत नाही.

आता फुकट वाटण्याचं. प्रती काढणं आणि लोकांपर्यंत पोचवणं हा कलम १४ प्रमाणे कर्त्याचा हक्क आहे, मग तुम्ही पैसे घ्या अगर घेऊ नका. नफा नसेल तर कोर्ट शिक्षा कमी करू शकतं, एवढाच फरक. एरवी कलम ६३ खाली सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड आहे. कॉलेजच्या पोरावर कुणी लगेच फौजदारी करेल असं मला वाटत नाही. तक्रार होऊन चॅनेल बंद पडणं मात्र सहज शक्य आहे.

नाव देण्याबद्दल आपल्या गावाला वेगळं सांगायला नको. २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या आपल्या चपलेसारख्याच चपला २०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या इटालियन कंपनीनं दाखवल्या. ओरड झाल्यावर कंपनीनं मूळ प्रेरणा मान्य केली. तेवढ्यानं इथल्या कारागिरांचा प्रश्न मिटला का? तो कायदा वेगळा, पण दुखणं तेच. नाव द्यायलाच हवं, कलम ५७ तो हक्क कर्त्याला देतं. परवानगी मात्र निराळी मागावी लागते.

उत्तर न येणं म्हणजे होकार नाही. परवाना लेखी हवा, असं कलम ३० सांगतं. कधीकधी तो आधीच दिलेला असतो, म्हणून मॉडचं पान आणि सोबतची रीडमी, म्हणजे माहितीची फाईल, नीट वाचा. मॉड ज्या एससीएस फाईलमध्ये येतो ती कुलूपबंद नसेल तर उघडा. आत मॅनिफेस्ट नावाची छोटी मजकूर फाईल असते, तिच्यात कर्त्याचं नाव, मॉडची आवृत्ती आणि तो गेमच्या कुठल्या आवृत्तीवर चालतो ते लिहिलेलं असतं. एमआयटी, जीपीएल किंवा क्रिएटिव्ह कॉमन्स अशा खुल्या परवान्याचा उल्लेख सापडला तर त्या अटी पाळून वाटता येईल. काहीच लिहिलेलं नसेल तर सगळे हक्क त्याच्याकडे. आणि त्यानंच बसचं मॉडेल दुसऱ्या गेममधून उचललं असेल, तर त्याच्या होकारालाही किंमत नाही. एसटीचं बोधचिन्ह हा आणखी वेगळा, ट्रेडमार्कचा विषय.

मॉडर नाही म्हणतात तेव्हा लोक त्यांना कंजूष ठरवतात, याचा मला राग येतो. गेमची नवी आवृत्ती आली की जुना मॉड अडतो. मॉडर दुरुस्त करून नवी फाईल चढवतो, तुमच्या झिपमध्ये जुनीच राहते. गेम बंद पडली की शिव्या त्याला, झिपवाल्याला नाही. २०१५ च्या एप्रिलमध्ये व्हॉल्व्ह कंपनीनं स्टीम या आपल्या ऑनलाइन गेम-दुकानात स्कायरिम या गेमचे मॉड विकायला काढले आणि चार दिवसांत विक्री गुंडाळली. त्यातला मासेमारीचा एक मॉड त्याआधीच काढावा लागला होता, कारण त्यात दुसऱ्या मॉडरच्या ॲनिमेशनच्या कामाचा आधार होता आणि त्याची संमती नव्हती.

तुम्ही यादी करा. कुठला मॉड, मूळ पानाची लिंक, गेमच्या कुठल्या आवृत्तीवर चालतो, मॉड मॅनेजरमध्ये कुणाच्या वर कोण ठेवायचा, काय एकमेकांशी भांडतं. हे लिखाण तुमचं स्वतःचं, ते खुशाल टेलिग्रामवर टाका. माझ्या मते झिपपेक्षा नव्या खेळाडूला याचाच उपयोग जास्त.

बंद लिंकचं वाईट वाटतं, मलाही. ती प्रत तुमच्याकडे जपून ठेवा, चढवू नका, आणि पुन्हा एकदा नीट लिहा : "तुमच्या अमुक मॉडची लिंक बंद आहे. फाईल न बदलता, तुमच्या नावासह, मोफत, अमुक ठिकाणी ठेवू का? सांगाल तेव्हा काढून टाकीन." होकार आला तर त्याचा स्क्रीनशॉट ठेवा. नकार आला तर आभार माना, आणि लिंक पुन्हा सुरू करणार का, एवढं विचारा.