आईचा गुडघा, बायोप्सीचा खर्च आणि बारा लाखांची ठेव

आपण लिहिले आहे की, आपल्या 66 वर्षांच्या आईच्या गुडघ्याची पार्शल नी रिप्लेसमेंट सव्वादोन वर्षांपूर्वी झाली आणि गेल्या काही महिन्यांत तोच गुडघा वारंवार सुजतो. दोनदा काढलेले पाणी तांबूस निघाले. एका डॉक्टरांनी थेट पूर्ण सांधा बदलण्याचा साडेचार लाखांचा अंदाज दिला आहे, तर दुसऱ्यांनी आधी एमआरआय आणि सांध्याच्या अस्तराची बायोप्सी (छोटा तुकडा काढून तपासणे) सुचवली आहे, ज्याला सुमारे 90 हजार लागतील. हे 90 हजार वाया जातील का आणि ज्येष्ठ नागरिक बचत योजनेतील 12 लाख मोडावेत का, हे आपले दोन प्रश्न आहेत.

माझे स्पष्ट मत असे की, 90 हजार आधी खर्च करावेत आणि बचत योजनेला हात लावू नये.

पार्शल शस्त्रक्रियेत गुडघ्याचा एकच भाग बदलतात. बाकीचा सांधा आणि त्याचे अस्तर, म्हणजे सायनोव्हियम, जागेवरच राहते. त्यामुळे संधिवात किंवा अस्तराची गाठीसारखी वाढ असे आजार पुढेही होऊ शकतात. वारंवार रक्तमिश्रित पाणी होणे हे त्या वाढीचे एक लक्षण असले, तरी जंतुसंसर्ग किंवा सैल झालेले इम्प्लांट (बसवलेला कृत्रिम भाग) यांचीही शंका असतेच, आणि या प्रत्येकाचा उपचार व खर्च वेगळा असतो. संसर्ग असल्यास कधीकधी दोन टप्प्यांत शस्त्रक्रिया करावी लागते. अस्तराचाच आजार असेल, तर ते काढावे लागते. कारण न कळता सांधा बदलला आणि आजार आतच राहिला, तर साडेचार लाख जाऊनही सूज परत येऊ शकते, आणि मला सर्वांत जास्त काळजी याचीच वाटते.

आता विम्याकडे पाहू. आपली पाच लाखांची पॉलिसी दोन महिन्यांनी तीन वर्षे पूर्ण करते आणि संधिवात तिच्यात आधीपासूनचा आजार म्हणून नोंदवलेला आहे. 2024 पासून अशा आजारासाठीची प्रतीक्षा मुदत, म्हणजे ज्या काळात त्याचा क्लेम मिळत नाही, जास्तीत जास्त 36 महिने ठेवता येते. सांधा बदलण्याच्या शस्त्रक्रियेसाठीची वेगळी प्रतीक्षा मुदत संपली असली, तरी दोन्ही लागू असताना मोठी मुदत धरली जाते. म्हणून आज केलेला शस्त्रक्रियेचा क्लेम नाकारला जाऊ शकतो, तोच दोन महिन्यांनी मंजूर होऊ शकतो. शिवाय बायोप्सीत अस्तराचा नवा आजार निघाला, तर तो जुन्या संधिवाताहून वेगळा असल्याचा लेखी पुरावा म्हणून पॅथॉलॉजीचा अहवाल उपयोगी पडेल. मात्र केवळ तपासणीसाठी भरती झाल्यास विमा कंपनी पैसे देत नाही. त्याच वेळी अस्तर काढण्याचा उपचारही खरोखर होणार असेल, तर डॉक्टरांच्या भरतीच्या चिठ्ठीत तो लिहिलेला असावा. दोन महिने थांबणे परवडेल की नाही हे मात्र पैशांवरून ठरवू नका. गुडघ्यातील पाण्याचे कल्चर (त्यात जंतू आहेत का ही तपासणी) आणि सीआरपी (शरीरातील दाह दाखवणारी रक्तचाचणी) आधी पाहावे. संसर्ग असेल, तर प्रतीक्षा मुदतीचा विचार न करता लगेच उपचार घ्यावेत.

हे 90 हजार आपल्या तीन लाखांच्या मुदत ठेवीतून काढा. मुदतीआधी मोडल्यास बँका बहुधा व्याजात एक टक्क्यापर्यंत कपात करतात. बचत योजनेतून मात्र थोडी रक्कम काढता येत नाही, खातेच बंद करावे लागते. आपल्या खात्याला दोन वर्षे झाली असल्याने एक टक्का, म्हणजे 12,000 रुपये कापले जातील, आणि 8.2 टक्क्यांनी दर तिमाहीला येणारे 24,600 रुपयेही बंद होतील. आईच्या औषधांचा आणि किराण्याचा खर्च त्यावरच चालतो, असे आपणच लिहिले आहे.

एमआरआय ठरवताना धातूमुळे येणारी धूसरता कमी करणारी पद्धत त्या केंद्रात आहे का, हे आधी फोनवर विचारा, नाहीतर अस्पष्ट चित्रांचेही बिल भरावे लागेल. पहिल्या शस्त्रक्रियेच्या फाइलमध्ये इम्प्लांटचे नाव आणि लॉट क्रमांक असलेले छोटे स्टिकर चिकटवलेले असतात. ते पान शोधून त्याची प्रत एमआरआय केंद्रात आणि नव्या सर्जनकडे द्या.