दाढेला भोक पडलंय, फ्लोराइड लावून भागेल का?

प्रश्न : माझा मुलगा सात वर्षांचा आहे. त्याच्या वरच्या पुढच्या दातांवर हिरडीलगत पांढरे पट्टे आलेत आणि खालच्या एका दाढेला काळं भोक पडलंय. त्यात घास अडकतो, गोड खाल्लं की क्षणभर कळ येते. दातांच्या डॉक्टरांनी पुढच्या दातांना फ्लोराइड लावलं. दाढ मात्र भरायला सांगितली. मुलगा मशीनच्या आवाजानेच रडतो. दाढेलाही फ्लोराइडच लावलं तर? दुधाचीच दाढ आहे, पडणारच ना?

उत्तर : नाही, या दाढेचं काम नुसत्या फ्लोराइडने होणार नाही. तुमच्या डॉक्टरांचं बरोबर आहे.

हिरडीलगतचा खडूसारखा पांढरा, निस्तेज पट्टा ही किडीची पहिली पायरी. आतले क्षार निघून गेलेले असतात, पण वरचा पापुद्रा शाबूत असतो. लाळेतलं कॅल्शियम आणि फॉस्फेट तिथे परत बसू शकतं आणि फ्लोराइड त्याला मदत करतं. मी असा दात हवेच्या झोताने कोरडा करून पाहते. ओला असताना न दिसलेला पट्टाही मग उठून दिसतो. घरी ओठ उचला, स्वच्छ कापडाने दात पुसा आणि टॉर्चच्या उजेडात बघा. पिन किंवा टूथपिकने मात्र टोकरू नका, त्या नादात शाबूत पापुद्राच फुटतो.

पापुद्रा एकदा फुटून खड्डा झाला की चित्र बदलतं. एनॅमल, म्हणजे दाताचं वरचं कडक आवरण, बनवणाऱ्या पेशी दात उगवतानाच संपलेल्या असतात, त्यामुळे गेलेला भाग कशानेच पुन्हा वाढत नाही. खड्ड्यात ब्रशचे केस पोचत नाहीत, अन्न साचतं आणि कीड एनॅमलखालच्या मऊ थरात, म्हणजे डेंटिनमध्ये पसरते. तुमच्या मुलाला गोडाने कळ येते, म्हणजे बहुधा ती तिथवर गेली आहे. काही वेळा वर भोकही दिसत नाही, दाढेच्या आतून करडी सावली तेवढी दिसते. दोन दाढांच्या मधली कीड तर एक्सरेतच कळते. उलट, प्रत्येक काळा डाग वाईट नसतो: कडक, चकचकीत डाग म्हणजे बरेचदा थांबलेली कीड.

आता एक गोष्ट आधी तपासा, कारण इथे खूप पालकांची गफलत होते. जबड्याच्या मध्यापासून मागे दात मोजा. भोक चौथ्या किंवा पाचव्या दाताला असेल तर ती दुधाची दाढ. सहावा असेल तर ती कायमची आहे! साधारण सहाव्या वर्षी ती सगळ्यात मागे येते. तिच्यासाठी कुठलाच दात पडत नाही, म्हणून घरात कुणाला पत्ताच लागत नाही. आणि दुधाची असली तरी ती दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात हवी. लवकर काढावी लागली तर शेजारचे दात सरकतात, खालून येणाऱ्या दाताची जागा अडते.

भीतीचं म्हणाल तर डॉक्टरांशी मोकळेपणाने बोला. दाढेच्या आतली नस शाबूत असेल तर दुधाच्या दाढेवर न कोरता, इंजेक्शन न देता स्टीलची टोपी बसवता येते. सिल्व्हर डायमाइन फ्लोराइड नावाचं औषधही आहे. ते खड्ड्यातली कीड थोपवू शकतं, पण किडका भाग कायमचा काळा होतो, खड्डा तसाच राहतो आणि पुन्हा पुन्हा तपासावं लागतं. तुम्ही म्हणताय तो दातांवर लावायचा साधा फ्लोराइडचा लेप (वार्निश) वेगळा.

कळ क्षणात थांबते आहे, ही चांगली खूण आहे. ती रेंगाळायला लागली, मुलगा रात्री ठणक्याने उठला किंवा हिरडीवर पुळी आली, तर कीड आतल्या नसेला पोचली समजा. मग नसेचा इलाज करावा लागेल किंवा दाढ काढावी लागेल. ठणका आपोआप थांबला तरी निर्धास्त होऊ नका, नस मेली की दुखणंही थांबतं.

दाढ भरल्यावरही फ्लोराइडची पेस्ट सोडू नका. वाटाण्याएवढी घ्या, दोन वेळा, रात्री झोपताना नक्की. फेस थुंकू दे, पण लगेच खळखळून चूळ भरू देऊ नका. आणि गाल सुजला किंवा सोबत ताप आला, तर ठरलेल्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी त्याला दाखवा.